घाट पेट्रोलवर, सपाट घासलेटवर

साल एकोणीसशे छप्पन, दिवाळीच्या आधीचे दिवस. सौसरात तेव्हा बोलायला दोनच विषय होते. एक म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला नागपूर आपल्यापासून तुटून मुंबई राज्यात जाणार आणि आपण, पांढुर्णा-सौसरचे मराठी लोक, भोपाळच्या हाताखाली राहणार. दुसरा म्हणजे दत्तात्रय सांबारेची मोटार आज चालू झाली की नाही. पहिल्या विषयावर लोक चौकात भांडत, दुसऱ्यावर हसत. दत्तात्रयची बायको वच्छला, तिला दोन्ही विषयांचा सारखाच वीट आला होता. पण पहिला विषय निदान तिच्या अंगणात उभा नव्हता.

मोटार आली स्वातंत्र्याच्या वर्षी. दत्तात्रय मँगनीजच्या खाणीवर ओव्हरसीअर होता. खाणीचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं कुत्री मित्राला दिली, पियानो चर्चला दिला आणि मोटार दत्तात्रयला दिली. वच्छला म्हणायची, "देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी माझं गेलं."

जशी मिळाली तशी गाडी ठेवली असती तर तिची तक्रार नव्हती. पण दत्तात्रयच्या हाताला चैन नव्हती. त्यानं आधी पुढचे पंख, म्हणजे चाकांवरचे मडगार्ड, कापले, का, तर वजन कमी होते. मग बॉनेट बैलाच्या चामडी पट्ट्यानं बांधलं, का, तर उघडायला सोपं जाते. आणि छप्पनच्या उन्हाळ्यात तो नागपूरच्या भंगार बाजारातून पोत्यात गुंडाळून दोन कार्बोरेटर घेऊन आला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला पाजणारं भांडं. गाडीत ते एक होतं, आणि ते चांगलं होतं.

"एक चालून राहिलं होतं ना?" वच्छलानं विचारलं.

"एक बैल नांगर ओढते का?" दत्तात्रय म्हणाला. "जोडी पाहिजे."

आता जोडीचं असं आहे, की दोन्ही बैल सारखे ओढणारे पाहिजेत. एक पुढं आणि एक मागं राहिला तर गाडी खड्ड्यात. कार्बोरेटरचंही तसंच. दोन्ही भांडी हवा ओढताना बारीक फुसफुसतात, आणि ती फुसफूस अगदी एकसारखी लागावी लागते. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक भांड्याच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी धरून स्क्रू फिरवायचे. दत्तात्रयची अडचण एवढीच होती की सुरुंगांच्या आवाजानं त्याचे दोन्ही कान मंद झाले होते. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. फुसफूस त्याला कुठून ऐकू येणार?

म्हणून दर रविवारी, नेमकी पोळी तव्यावर असताना, अंगणातून हाक येई. "ऐकतं का वो! जरा कान दे."

एनिमाच्या भांड्याची ती नळी कानाला लावून वच्छला बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राही, आणि रस्त्यानं जाणारे लोक उभे राहून बघत. "मागचं कमी," ती ओरडे. "अजून. अजून. झालं, झालं, पुरे, आता जास्त झालं! किती वेळा सांगायचं, सावकाश फिरवा!" आत पोळी जळे. सासूबाई, म्हणजे कलाबाई, आतून म्हणत, "सुनबाई डॉक्टरीण झाली बाप्पा. मोटारीची छाती पाहून राहिली."

हे दोन कार्बोरेटर कमी होते म्हणून की काय, त्यात रामाजी आले.

रामाजी दत्तात्रयचे थोरले भाऊ. बायको लवकर गेलेली, मूल नाही, म्हणून राहत याच घरात. लोधीखेड्याच्या बाजूला त्यांचा संत्र्याचा बगिचा होता आणि त्या बगिच्याच्या विहिरीवर पाणी उपसायचं इंजिन होतं. त्या इंजिनाबद्दल ते असं बोलत जसं लोक कलेक्टर झालेल्या पोराबद्दल बोलतात. ते इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की नळ फिरवून घासलेटवर घ्यायचं, मग दिवसभर घासलेटच. मुलखात सगळ्या बगिच्यांवर तीच पद्धत होती आणि विहिरीवर ती छानच चाले.

"इंजिन ते इंजिन," जेवताना रामाजी म्हणाले. "विहिरीवरचं असो का गाडीतलं. पेट्रोल म्हणजे चहा, दत्तू. सकाळी उठाले लागते. मंग दिवसभर माणूस भाकरीच खाते ना? का चहाच पिते?"

दत्तात्रयला हे पटलं. थोरल्या भावाचं त्याला पटलं नाही असं कधी झालंच नव्हतं. दोघांनी तिगावच्या टिनवाल्याकडून दोन कप्प्यांची टाकी करून आणली. लहान कप्पा पेट्रोलचा, मोठा घासलेटचा. पुढच्या डाव्या सीटपाशी पितळी नळ बसवला. इकडे फिरवला की पेट्रोल, तिकडे फिरवला की घासलेट.

वच्छला दाराआडून सगळं ऐकत होती. विहिरीवरचं इंजिन एका जागी बसून एका चालीनं पाणी ओढतं. गाडीला थांबावं लागतं, निघावं लागतं, चढावं लागतं. हा फरक ती शाळेत ज्यांना शिकवी त्या पाचवीतल्या मुलींनाही कळला असता. पण हे भासऱ्यांना सांगणार कसं? नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्यानंही भावसुनेशी बोलायचं नाही, अशी घरची रीत होती. एका छपराखाली इतकी वर्षं काढून दोघांनी एकमेकांना एक शब्द उच्चारलेला नव्हता. दोघांच्या मधलं टपाल म्हणजे कलाबाई.

"आई," वच्छला म्हणाली, "म्हणावं, चढावर गाडी ओढणार नाही."

कलाबाई दोन हात लांब बसलेल्या मुलाकडे वळल्या. "रामा, ते म्हणते चढावर ओढत नाही."

"माय, तिले सांग, घासलेट जड तेल आहे. जड ओझ्याले जड तेलच लागते."

कलाबाई इकडे वळल्या. "जड तेल आहे म्हणते."

"ऐकलं मी," वच्छला दात आवळून म्हणाली.

"ऐकलं म्हणते," कलाबाईंनी तेही पोचवलं.

आणि मग छिंदवाड्याचं बोलावणं आलं.

वच्छला सौसरच्या मुलींच्या मिडल स्कूलमध्ये शिकवत होती. जुन्या बाई निवृत्त झाल्यापासून शाळा तीच चालवत होती, पण मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर तिचं नाव नव्हतं. आता राज्य बदलायच्या आत ती जागा भरायची म्हणून शिक्षण खात्याच्या मोठ्या बाई छिंदवाड्याला येणार होत्या. महिन्याचा शेवटचा शनिवार, अकरा वाजता. त्या दिवशी जागा भरली नाही तर एक तारखेनंतर सगळं भोपाळहून, कधी आणि कसं ते देव जाणे. दुसरी कुणी नेमली गेली की वच्छलाची बदली ठरलेली, अमरवाड्याकडे नाहीतर त्याही पलीकडे. आणि बदली झाली तर घरचे काय म्हणणार हे तिला पाठ होतं. नोकरी सोड म्हणणार. एवढंच होतं. त्या शनिवारी अकरा वाजता पोचली तर शाळा तिची, नाही पोचली तर चूल तिची.

"मी सकाळच्या बसनं जाते," ती म्हणाली. खरं तर ओरडली, कारण नवऱ्याशी बोलत होती.

"बसनं?" दत्तात्रयचा चेहरा असा पडला जसं तिनं माहेरी कायमची जाते म्हटलं. "घरी जोडीची गाडी असून?"

"गाडी दारात अन् सून मोटरस्टँडवर," कलाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील सून वेळेवर पोचली."

"माय, तिले सांग," पडवीतून रामाजी म्हणाले, "मी सोबत आहे. नळ मी पाहतो. इंजिनाचा तिनं घोर घेऊ नये."

घेऊ नये! वच्छलानं त्या रात्री पाट्यावर वाटण असं वाटलं की शेजारच्या बाईनं विचारलं, कुणावर राग काढून राहिली. पण नवऱ्याचं तोंड बघून तिला नाही म्हणवेना. तो अंगणात दोन्ही कार्बोरेटर चिंधीनं पुसत होता, पोळ्याला बैल पुसावेत तसे. आपल्या बायकोला आपल्या गाडीतून साहेबासारखं नेऊन सोडायचं, त्याच्या एवढंच मनात होतं. तिनं एक अट घातली. पहाटे निघायचं.

पहाटे निघायचं म्हणजे उजाडल्यावर निघणं झालं. गाडी पेट्रोलवर पटकन लागली. रामाजी पुढं नळापाशी बसले, दत्तात्रय चाकाशी, वच्छला मागं. तिच्या शेजारी संत्र्यांची टोपली.

"हे काय?" तिनं नवऱ्याच्या कानात ओरडून विचारलं.

"आंबिया बहाराची पहिली तोड. दादानं आणली. साहेबीणबाईले."

"काहीतरीच! लाच वाटेल ती. मला बाहेर काढतील."

"संत्री म्हणजे का लाच असते?" रामाजी समोरच्या काचेला म्हणाले. "संत्री म्हणजे संत्री."

टोपली राहिली. गावाबाहेर पडल्यावर रामाजींनी इंजिनाच्या पत्र्याला हात लावून पाहिला आणि लग्नात अंतरपाट धरणाऱ्या भटजीच्या ऐटीत नळ तिकडे फिरवला. गाडीनं एक आचका दिला, मागून पांढरा धूर सोडला आणि चालत राहिली. "पाह्य!" रामाजी म्हणाले. "भाकरीवर आली."

आणि खरं सांगायचं तर रामाकोना गावापर्यंत ती बरी चालली. कापसाच्या बंड्या रस्त्यानं जिनिंगकडे निघाल्या होत्या, बैल गाडीच्या धुरानं बुजत होते, गाडीवान आईवरून शिव्या घालत होते. वच्छलाच्या इस्त्रीच्या पातळाला घासलेटचा वास लागत होता. सकाळची बस मागून आली, भोंगा वाजवून पुढं गेली. कंडक्टरनं खिडकीतून हात हलवला. वच्छला त्या बसकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

कन्हान नदी ओलांडली आणि थोड्या वेळानं सिल्लेवानीचा घाट लागला.

पहिल्या वळणावरच तिनं ऐकलं. पत्र्यावर कुणी ओंजळीनं खडे टाकावेत तशी टकटक. त्याच्या खाली मागच्या कार्बोरेटरची धाप लागलेली. इतके रविवार त्या इंजिनाच्या छातीला कान लावून काढले होते तिनं. पोराचा खोकला आईला दुसऱ्या खोलीतून कळावा तसं तिला कळलं.

"अहो, ठोकून राहिलं इंजिन. पेट्रोलवर घ्यायला सांगा."

"काय?"

"पेट्रोलवर!"

"दादा, पेट्रोलवर म्हणून राहिली."

"अरे चढाले तर जड तेलच पाहिजे. दाब तू! दाब!"

दत्तात्रयनं दाबलं. गाडी दुसऱ्या वळणावर धापा टाकत गेली, तिसऱ्यावर रांगत गेली आणि सागाच्या झाडीत, ना वर ना खाली, मोठा उसासा टाकून बंद पडली. दत्तात्रयनं उतरून चाकाखाली दगड लावला.

मग हँडल सुरू झालं. आधी दत्तात्रयनं फिरवलं, मग रामाजींनी धोतर खोचून फिरवलं. "आता लागते," रामाजी म्हणाले. परत फिरवलं. "आता लागतेच." इंजिन एकदा शिंकलंसुद्धा नाही. खालून एक ट्रक आला, वच्छलानं हात केला, ट्रक माणसांनी आणि बकऱ्यांनी भरलेला होता, थांबला नाही. झाडीत कुठंतरी मोर ओरडत होता आणि तिला वाटलं, मेल्या, तूही हसून घे.

इंजिन का लागत नाही हे तिला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, पाठ होतं, कारण ते रामाजींनीच शंभरदा सांगितलेलं होतं, जेवताना, दाराच्या त्या बाजूनं. विहिरीवरचं इंजिन संध्याकाळी बंद करायच्या आधी ते नळ परत पेट्रोलवर घेत. त्याचं कारणही ते दरवेळी सांगत. आज मात्र इंजिन आपणच मेलं, नळ घासलेटवर असताना, आणि आता थंडही झालं होतं.

"अहो, त्यांना सांगा," ती म्हणाली. दत्तात्रयचं डोकं बॉनेटमध्ये होतं. "अहो!" काही नाही. कलाबाई सौसरला. टपाल बंद.

ऊन वर चढत होतं. रामाजी तिच्याकडे पाठ करून हँडलवर वाकले होते, आणि त्या पाठीकडे बघता बघता तिला तो छिंदवाड्याचा वऱ्हांडा दिसला, ती रिकामी खुर्ची दिसली, आणि मग स्वतःच्या हातात फुंकणी दिसली.

काय म्हणून हाक मारायची हेच तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्या माणसासाठी तिच्याजवळ हाकच नव्हती.

"ऐका!" ती म्हणाली.

वर्गात मागच्या बाकावर पोचणारा आवाज होता तो. रामाजी असे वळले जसं झाड बोललं.

"विहिरीवर संध्याकाळी इंजिन बंद करायच्या आधी तुम्ही काय करता?"

रामाजींनी भावाकडे पाहिलं. "दत्तू, हे मले विचारून राहिली का?"

"तुम्हालेच विचारून राहिली. त्यांना काय विचारू? त्यांना ऐकू येत नाही."

पदर डोक्यावर होता, तो तिनं सोडला नाही. पण नजर खाली घेतली नाही. रामाजी हातातल्या हँडलकडे बघत म्हणाले, "पेट्रोलवर घेतो. जरासं."

"कायले?"

"कार्बोरेटरच्या कटोरीत घासलेट राहिलं तं... सकाळी थंडं असताना लागत नाही ना ते."

"मग आता या दोन कटोऱ्यांत काय आहे?"

मग रामाजींनी हँडल खाली ठेवलं आणि म्हणाले, "दत्तू, पाना आण बे."

दोन्ही कार्बोरेटरच्या कटोऱ्या सोडून घासलेट रस्त्यावर ओतलं. प्लग काढून पुसले, त्यासाठी वच्छलाचा चांगला रुमाल गेला. नळ पेट्रोलवर घेतला. आणि तेव्हा, लहान कप्प्याचं झाकण उघडून आत बघत, रामाजी घसा खाकरून म्हणाले, "पेट्रोल थोडं आहे."

"थोडं म्हणजे?"

"चहापुरतं."

वच्छलानं डोळे मिटले. विहिरीवर वाटीभर पुरतं, म्हणून भासऱ्यांनी गाडीतही वाटीच्या हिशेबानंच घातलं होतं. रडावं का हसावं का टोपलीतलं एकेक संत्रं नेम धरून मारावं हे तिला कळेना. तिचं माहेर पांढुर्ण्याला जाम नदीच्या पलीकडे, सावरगावात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीच्या गावची लेक. नेम चांगला होता.

पण तिनं वर रस्त्याकडे पाहिलं आणि हिशेब केला. "घाट पेट्रोलवर चढायचा," ती म्हणाली. "तेवढ्याला पुरेल, वाया घालवलं नाही तर. वर गेलं की रस्ता सपाट आहे, इंजिन तापलेलं असेल, तिथून छिंदवाड्यापर्यंत तुमची भाकरी. आणि नळ मी सांगेन तेव्हाच फिरवायचा. आधी नाही, नंतर नाही."

"पण चढाले..."

"मी सांगेन तेव्हा."

"बरं," रामाजी म्हणाले.

हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. वच्छला नळी घेऊन बॉनेटवर वाकली. पुढचं भांडं भरल्या आवाजात फुसफुसत होतं, मागचं नुसतं सुस्कारत होतं.

"मागचा बैल बसला," ती म्हणाली. "उठवा त्याला. अजून. थोडं. अहो, थोडं म्हटलं! परत घ्या. हां. आता पुढचा आवरा."

दत्तात्रय स्क्रू फिरवत होता आणि रामाजी, ज्यांनी आयुष्यात कधी भावसुनेचा चेहरा नीट पाहिला नव्हता, ते वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोन्ही भांडी एकसारखी झाली तेव्हा ते तिच्या कपाळावरची आठी गेल्यावरून त्यांना कळलं.

गाडी घाट चढू लागली. वळणावर वळण. टकटक नव्हती.

"फिरवू का?" रामाजींनी विचारलं.

"नाही."

थोडं पुढं. "आता?"

"नाही म्हटलं ना, दादा!"

हाक अशी आली, तिच्याही नकळत. रामाजींनी नळावरचा हात काढला नाही. माथा आला, झाडी विरळ झाली, समोर लांबवर ज्वारीची शेतं दिसली, आणि इंजिनानं पहिली उचकी दिली. लहान कप्पा संपत होता.

"आता," वच्छला म्हणाली.

नळ फिरला. आचका, धूर, एक जीवघेणी शांतता, आणि मग गाडी चालायला लागली. तशीच, घाणेरडा धूर सोडत, पण चालायला.

वच्छलानं आपले हात पाहिले. कोपरापर्यंत काळे, घासलेटात भिजलेले. पातळाच्या निऱ्यांवर तेलाचा डाग, पांढुर्ण्याच्या नकाशाएवढा. पुढून एक हात मागं आला. रामाजींच्या हातात सोललेल्या संत्र्याची साल होती. "हातावर घास," ते म्हणाले. "साल तेल खाते." मग दुसरी साल आली, मग तिसरी. फोडी ते दत्तात्रयला भरवत गेले, स्वतः खात गेले. छिंदवाडा येईतो टोपलीत एकही संत्रं उरलं नव्हतं, त्यामुळे लाचेचाही प्रश्न सुटला.

अकरा कधीच वाजून गेले होते. बाकीच्या उमेदवार येऊन, बोलून, परत गेल्या होत्या. मोठ्या बाई जबलपूरकडच्या, पांढऱ्या साडीतल्या, डबा उघडायच्या बेतात होत्या. त्यांनी वच्छलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाक किंचित वर केलं. खोलीभर संत्र्याचा आणि घासलेटचा वास.

"देर क्यों हुई?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"घाट में गाड़ी बंद पड़ गई थी। ठीक करके आई हूँ।"

"ठीक कराके?"

"करके," वच्छला म्हणाली.

बाईंनी डबा बाजूला सरकवला. शाळेचं विचारलं, हिशेबाचं विचारलं, भूगोलाचं विचारलं. मग खुर्चीला टेकून म्हणाल्या, "देखिए, पढ़ाना तो सबको आता है। पर वहाँ की कमेटी में सब बुज़ुर्ग हैं, आपके जेठ-ससुर की उमर के। उनके सामने मुँह खोल पाएँगी?"

वच्छलाला हसू आलं, सकाळपासून पहिल्यांदा, आणि ते तिला आवरेना. खिडकीतून खाली रस्त्यावर गाडी दिसत होती. बॉनेट उघडं होतं आणि दोन भाऊ त्यात डोकी घालून भांडत होते.

"जी," ती म्हणाली, "आज सबेरे से वही कर रही हूँ।"

नेमणुकीचा कागद दिवाळीनंतर आला. वरचं "नागपूर" शाईनं खोडून खाली "भोपाळ" लिहिलेलं होतं. त्या खुर्चीत ती निवृत्त होईपर्यंत बसली. कमेटीतले बुजुर्ग तिला घाबरत, आणि सौसरच्या ज्या मुली तिच्या हाताखालून गेल्या त्यांच्यातल्या कितीतरी पुढं शिक्षिका झाल्या, नर्सा झाल्या, एक तर नागपूरला वकील झाली. म्हातारपणी ती सावरगावला भावाकडे जाऊन राहिली आणि गोटमारीच्या दिवशी दार लावून घेऊन चिडचिड करत बसे.

दत्तात्रय खाणीतून निवृत्त झाला तेव्हा त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. कार्बोरेटर बसवायची वेळ आली की तो बायकोच्या चेहऱ्याकडे बघून स्क्रू फिरवी, ही युक्ती त्याला भावानं शिकवली होती. सत्तर सालाच्या पुढंमागं तो झोपेतच गेला. कलाबाई त्याच्या खूप आधी गेल्या, आणि त्यांच्यासोबत घरातलं टपाल गेलं.

त्यामुळं झालं असं, की रामाजी आणि वच्छला यांना बोलायला मधलं माणूस उरलं नाही. रीत तर मोडायची नव्हती. घाटातून परत आल्यावर रामाजींनी स्वतःच ती नीट करून ठेवली होती. घरात बोलायचं नाही, गाडीत बोललं तर चालते. तेव्हापासून भावसुनेशी काही बोलायचं असलं की ते अंगणात जात, लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीत पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसत आणि हातानं दाबायचा रबरी भोंगा वाजवत. वच्छला हातातलं काम टाकून, तोंडानं पुटपुटत बाहेर येई आणि मागच्या सीटवर बसे. बगिचा विकावा का, दत्तूला कोणत्या डॉक्टरकडे न्यावं, मीठ जास्त झालं होतं, सगळं तिथंच. पुढं गाडीचं इंजिन काढून विहिरीवर नेलं, तिथं एका कार्बोरेटरवर ते घासलेट पीत मुकाट चाललं. सांगाडा लिंबाखालीच राहिला, कोंबड्यांनी त्यात अंडी घातली, तरी भोंगा वाजतच होता.

शेवटच्या हिवाळ्यात रामाजींना दोन माणसांनी धरून गाडीत आणून बसवावं लागे. एकदा त्यांनी भोंगा वाजवला तेव्हा वच्छलापुढं परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग पडला होता. ती रागारागानंच येऊन मागं बसली.

"काय आहे, दादा?"

रामाजी समोरच्या फुटक्या काचेतून बघत होते. हात जिथं घासलेटचा नळ होता तिथं होता.

"सपाटावर चालली होती ना पण?" ते म्हणाले.

वच्छलानं उसासा टाकला. "चालली होती, दादा."

"मंग!" रामाजी म्हणाले.